युद्ध लोकायले नको झालं, त फौज वापस कधी आनाची?

पोट्टा_दारव्ह्याचा
राम राम मंडळी, जरा मदत पायजे होती. आमच्या कॉलेजात वादविवाद स्पर्धा आहे आन मले विषय भेटला "जनतेला नको असलेल्या परदेशातील युद्धातून सैन्य ताबडतोब मागे घ्यावे", बाजूनं बोलाचं आहे. मी सारं अमेरिकेचं काढून ठेवलं, पन सर म्हने आपल्या देशाचं काही सांग ना बे. मंग १९८७ ले श्रीलंकेत गेलेल्या आपल्या फौजेचं, म्हंजे शांतिसेनेचं, वाचाले घेतलं त डोकं अजूनच गरगरून राह्यलं.
माह्या प्रश्न असा का तारीख सांगून निघाव का नाही? सांगतली त समोरचा बंदूक पुसत बसून वाट पाह्यते, नाही सांगतली त निघनंच होत नाही. इराकचं पाहा, बुशनं २००८ मध्येच करार करून ठेवला का २०११ संपेपर्यंत निघू, निघाले बी, आन २०१४ ले मोसुल शहर इस्लामिक स्टेटवाल्यायच्या हाती गेलं. अफगाणिस्तानात फेब्रुवारी २०२० ले दोहात अमेरिका आन तालिबानचा करार झाला, १५ ऑगस्ट २०२१ ले काबूल तालिबानच्या हाती गेलं, अमेरिकेची फौज पुरी निघाचीच होती. दोन्हीकडे तारीख होती, दोन्हीकडे बोंब झाली. मंग मी बाजूनं बोलू त बोलू काय?

बोअर_कोरडा_गेला
भाऊ तू शेतकऱ्याचा पोट्टा दिसतो म्हनून सांगतो. बोअर तीनशे फूट गेला, पानी नाही, मशीनवाला म्हनते आता एवढे पैशे गेलेच आहेत त अजून शंभर मारू. आपन बी मान हालवतो, काऊन का थांबलो त पह्यले पैशे वाया गेले हे कबूल कराव लागते ना. युद्धाचं तसंच आहे, फक्त तिथं पैशाच्या जागी पोट्टे जातात. निक्सन १९६९ ले आला तेव्हाच व्हिएतनाममधून निघाची भाषा सुरू झाल्ती, करार झाला जानेवारी १९७३ ले, या चार वर्षात अमेरिकेचे वीस हजाराच्या वर सैनिक मेले, एकून ५८ हजारातले. बरं एवढं करून १९७५ ले दक्षिण व्हिएतनामची राजधानी सायगाव गेलीच. हे आकडे सांग, परीक्षक गपच बसन.

जुना_फौजी
मी फौजेच्या सिग्नलमध्ये, म्हंजे वायरलेसच्या कामात, होतो, शांतिसेनेत त्रिंकोमालीले काढले दिवस, आता गावी कपाशी पाहतो. मोबाईलवर टाइप करून राह्यलो, चुका सांभाळून घ्या.
पह्यले हे समजून घे का आपन तिकडे लढाले गेलोच नव्हतो. २९ जुलै १९८७ ले राजीव गांधी आन श्रीलंकेचे राष्ट्रपती जयवर्धनेचा करार झाला, काम सांगतलं ते असं का श्रीलंका सरकार आन तमिळ बंडखोर या दोघायच्या मधात उभं राहाचं आन एलटीटीईची, म्हंजे त्या बंडखोरायच्या मोठ्या संघटनेची, हत्यारं जमा करून घ्याची. सुरवातीले तमिळ लोकायनं हार घातले बाप्पा. ऑक्टोबरात तेच एलटीटीईवाले आपल्यावर गोळ्या चालवाले लागले. जाफना विद्यापीठावर रातच्याले हेलिकॉप्टरनं जवान उतरवले, १३ शीख लाइट इन्फन्ट्रीचे ३० उतरले त्यातले २९ गेले, एक पकडल्या गेला. आपलं वायरलेसवरचं बोलनं त्यायले ऐकू जात होतं म्हन्तात, आमच्या ट्रेडवाल्याले हे आजही टोचते. २५ नोव्हेंबरले मेजर परमेश्वरन साहेब गेले, ८ महार पलटनचे, छातीत गोळी लागल्यावर बी समोरच्याची रायफल हिसकून त्याले मारलं, परमवीर चक्र भेटलं. आपल्या भागातले लय पोरं महार रेजिमेंटमध्ये जातात, म्हनून हे नाव तुह्या भाषणात आलंच पायजे.
आता तुह्या प्रश्नाचं. तारीख सांगाची का नाही हे मले दुय्यम वाटते, खरी गोष्ट अशी का आपल्याले कोनी हाकलाच्या आंधी निघाव. माह्या मते आपली वेळ नोव्हेंबर १९८८ ची होती. उत्तर-पूर्व प्रांताची निवडणूक झाल्ती, तिथं वरदराज पेरुमलचं सरकार बसत होतं, "दिलेलं काम झालं" म्हनून ताठ मानेनं निघता येत होतं. ते सोडलं. डिसेंबरात श्रीलंकेचा राष्ट्रपती म्हनून प्रेमदासा निवडून आला, त्यानं १ जून १९८९ ले सांगून टाकलं का २९ जुलैपर्यंत चालते व्हा, आन वरून आपल्याशी लढाले एलटीटीईलेच हत्यारं देल्ली. म्हंजे ज्याच्या सरकारनं बोलावलं तेच सरकार समोरच्याले गोळ्या पुरवून राह्यलं, आन आपन पोस्टवर उभे. काही जवान निघाले जुलैत, बाकीचे थांबले, शेवटचं जहाज निघालं २४ मार्च १९९० ले, तोपर्यंत दिल्लीत व्ही. पी. सिंग आले होते.
फौजीले सगळ्यात वाईट काळ कोनता ते सांगतो. "जाचं आहे" हे ठरलं आन अजून गेलो नाही, तो. गस्त तीच, सुरुंग तेच, पन आता कोनी मेला त कशासाठी मेला हे त्याच्या सुबेदारालेही सांगता येत नाही. एकून जवळपास १२०० जवान गेले आपले. मद्रासले जहाज लागलं तेव्हा मुख्यमंत्री करुणानिधी स्वागताले आले नाही. राजकारण त्यायचं त्यायच्यापाशी, पन लक्षात राह्यलं ते.

बाई_वाशिमच्या
काका, तुमच्याबद्दल आदर आहेच, पण नोव्हेंबर ८८ चं मला पटत नाही. ते पेरुमल सरकार आपल्या संगिनींवरच उभं होतं की हो. १९९० ला पडलं ते १९८८ ला पडलं असतं, एवढाच फरक. आणि निघायच्या आधी आपण तिकडे तमिळ नॅशनल आर्मी म्हणून जे उभं केलं त्याचं कोणी बोलत नाही, घराघरातून पोरं जबरदस्तीनं उचलून भरती केली, शाळेतली पोरं त्यात, आपण मागे सरकलो तशी एलटीटीईनं ती चिरडली. पेरुमल भारतात पळून आले, त्या पोरांना कुठलं जहाज? जून १९९० मध्ये एलटीटीईनं शरण आलेले शेकडो पोलीस मारले आणि युद्ध पुन्हा पेटलं ते थेट मे २००९ पर्यंत.
तेव्हा दारव्हेकर, "ताबडतोब" हा शब्द तुझ्या विषयात आहे तिथेच विरोधी बाजू तुला पकडणार. त्याला उत्तर रशियाचं दे. रशियाची, म्हणजे तेव्हाच्या सोव्हिएत संघाची, फौज अफगाणिस्तानातून १५ फेब्रुवारी १९८९ ला शेवटची निघाली, सगळे म्हणाले त्यांच्या आधारावरचा तिथला राष्ट्राध्यक्ष नजीबुल्ला दोन महिने टिकत नाही, तो एप्रिल १९९२ पर्यंत टिकला. कारण फौज गेली तरी पैसा, इंधन, शस्त्रं येत राहिली. सोव्हिएत संघच बुडाला, मदत आटली, मग तो पडला. म्हणजे सैनिक लवकर काढा, हात मात्र एकदम झटकू नका, असं बोललास तर बाजूही सुटत नाही आणि खोटंही बोलावं लागत नाही.

जुना_फौजी
बाई, सरकार पडलंच असतं, मी कुठं नाही म्हनतो. पन ते पडाच्या मधात आपले किती पोट्टे उभे ठेवाचे हा हिशोब मी करून राह्यलो. त्या पोरायचं म्हन्ता ते मात्र खरं आहे, पाह्यलं मी ते डोयानं. हातात बंदूक मावत नव्हती त्यायच्या. त्याच्यावर माह्यापाशी जवाब नाही.

चहाटपरी_संसद
सारे निघाचंच बोलून राह्यले, जाचं कशाले ते कोनी बोलन का? २००३ ले अमेरिका आपल्याले म्हने इराकमध्ये एक डिव्हिजन पाठवा. दिल्लीत काही लोकं तयार बी होते. वाजपेयी सरकारनं जुलैत नाही म्हनलं, युनोचा स्पष्ट आदेश असन त विचार करू म्हने. श्रीलंकेचा चटका विसरले नव्हते म्हनून वाचलो, असं मले वाटते. नाही गेलो त वापसीची तारीखच नको 😄

बोअर_कोरडा_गेला
@चहाटपरी_संसद हे मस्त आहे पन पोट्ट्याचा विषय तो नाही ना राजा, मार्क कापतीन.

पोट्टा_दारव्ह्याचा
लय लय धन्यवाद सगळ्यायले. मंग मी असं करतो, सुरवात १९८९ च्या जूनपासून करतो, म्हंजे यजमानच म्हनते निघा आन आपन अजून तिथंच, मंग निक्सनचे चार वर्ष, आन "ताबडतोब"वर कोनी अडवलं त बाईचं नजीबुल्लावालं. मोसुल काढलं कोनी त काय सांगू?

बाई_वाशिमच्या
मोसुल काढलं तर विचार की २०११ नंतर तिथल्या सैन्यात पगार कुठे जात होता आणि सुन्नी अधिकाऱ्यांना बाजूला कोणी सारलं. बगदादमध्ये पंतप्रधान मालिकीचं सरकार होतं. अमेरिकेचे दहा हजार सैनिक थांबले असते तर हे सुधरलं असतं का, असं त्यांनाच सिद्ध करायला लाव. बाय द वे, विरोधात कोण बोलतंय?

पोट्टा_दारव्ह्याचा
आमच्याच गावची पोट्टी आहे, माह्या मावशीची. हे सारं ती बी वाचून राह्यली असन 😅