ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात तेव्हा आमची परीक्षा! एमएसडब्ल्यूचं फील्डवर्क नक्की कुणासाठी?

फील्डवर्कवाली (धागा)
कोल्हापुरात एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) करतेय. आठवड्यातून दोन दिवस, अकरा ते पाच, हे आमचं फील्डवर्क. अकराला ऊसतोडीच्या खोपीवर (मजुरांच्या झोपड्यांवर) जाऊन भेटतं कोण? धाकट्याला कडेवर घेतलेली आठ-नऊ वर्षांची पोरगी. आईबाप पहाटेपासून फडात. एसटी स्टँडवरची, अंबाबाईच्या देवळाभोवतीची पोरं आमच्याशी बोलतील ती रात्री, कामधंदा संपल्यावर. त्यात दिवाळीच्या आगेमागे टोळ्या उतरतात तेव्हा आमची सेमिस्टरची परीक्षा, आणि पट्टा पडायच्या (गाळप हंगाम संपायच्या) सुमारास दुसऱ्या परीक्षेची तयारी!

माझं म्हणणं, वेळापत्रक हंगामाला बांधा. पावसाळ्यात थिअरी उरका, नोव्हेंबर ते फेब्रुवारी सलग फील्ड. आणि आधी कामाचं शिकवा: बीडचं रेशनकार्ड इथल्या दुकानात कसं चालतं, असंघटित कामगारांची ई-श्रम नोंदणी, स्थलांतरित मुलाला नव्या शाळेत घेण्यासाठीचं शिक्षण हमी कार्ड, सापडलेलं मूल २४ तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे न्यायचं म्हणजे काय. शाहू महाराजांनी १९१७ साली याच करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. जयंतीला हार घालायला सगळे पुढे असतात, खोपीवरच्या पोरीचं मात्र कुणाला पडलेलं नाही.

वर्गातला_मास्तर
रात्री अकराला मुलींना स्टँडवर पाठवू? काही झालं तर पालकांना तोंड कोण देणार, तुम्ही?
आणि कागद काढून देणारे एजंट तहसील कचेरीबाहेर ढीगभर बसलेत. त्यासाठी दोन वर्षांची पदवी लागत नाही. मूल मुकादमासमोर (टोळी आणणाऱ्या ठेकेदारासमोर) एक सांगतं, एकटं असताना वेगळं सांगतं. ते ऐकून घ्यायचं कसं, कुठला प्रश्न विचारायचा नाही, हे वर्गात घोटून घ्यावं लागतं. कच्ची पोरं चार महिने खोपीवर सोडलीत, तर मदत राहील बाजूला, उपद्रव वाढेल.

रंकाळा_कट्टा
भावांनो, एक कुणी बोलंना. १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टनं ५०० किंवा जास्त कामगारांच्या कारखान्याला वेल्फेअर ऑफिसर (कामगार कल्याण अधिकारी) घालून दिला, तेव्हापासून या पदवीचा एक डोळा कारखान्यावरच हाय. शिरोलीच्या फौंड्रीत एचआर मिळाला तर भटक्या पोरांमागं कोण फिरणार? संस्थेत पगार किती मिळतो, ते विचारा आधी.

कोयत्याचा_पोरगा
तुम्ही आमच्याविषयी बोलताय म्हणून लिहितोय. केज तालुक्यातला आहे, आता गोकुळ शिरगावात नोकरीला. लहानपणी खोपीवर कॉलेजची मुलं यायची. फॉर्म भरायची, फोटो काढायची. पुढं काय झालं ते सांगायला एकही परत आला नाही.

आई तुमच्या प्रश्नांसाठी फडातून उठली, की मोळ्या कमी पडतात. खाडा झाला तर पैसे कापतात. मुकादमासमोर "मजुरी पुरते का?" विचारून तुम्ही जाता रूमवर, रात्री शिव्या बापाला. उचल (हंगामाआधीची आगाऊ रक्कम) घेतलेल्या माणसाला तोंड नसतं, हे तुमच्या पुस्तकात आहे का?

आणि ताई, चार महिने इथं कशाला? उचल गावात ठरते. तिथं मागं राहणाऱ्या पोरांसाठीचं हंगामी वसतिगृह धड चाललं असतं, तर माझ्या बहिणीला धाकट्याला सांभाळायला इथं यावंच लागलं नसतं. तुम्ही कोल्हापुरात बसून शेवट बघताय.

फील्डवर्कवाली
सर, एकटीला कोण पाठवतंय? दोघी-दोघी, सोबत सुपरवायझर, पोलीस चौकीत आधी नोंद. मुलांच्या हेल्पलाइनला, १०९८ ला फोन केल्यावर काय सांगायचं, तेच आमच्या निम्म्या वर्गाला येत नाही. ऐकायचं कौशल्य हवंच, पण रोलप्लेमध्ये वर्गमैत्रीण ऊसतोड बाई होते आणि तासाभरात आमचं "समुपदेशन" पूर्ण! याला घोटणं म्हणायचं?

दादा, गावाचं पटलं. मग ब्लॉक प्लेसमेंट (सलग मुक्कामाचं फील्डवर्क) तिकडंच द्या, टोळी निघायच्या आधी. वसतिगृह सुरू झालं का, कुणाची मुलं मागं राहिली, कुणाची निघाली, याची यादी करू. तीच मुलं इथं उतरली की शाळेत नाव घालायचं काम दुसऱ्या तुकडीनं धरायचं. निदान परत येणारं कुणीतरी असेल.

वर्गातला_मास्तर
सुपरवायझर म्हणजे मीच ना? दिवसा तास घेऊन रात्री स्टँडवर उभा राहीन, ते तास वर्कलोडमध्ये धरायला लावा. बाकी गावातल्या यादीचं करण्यासारखं आहे. माझा विरोध रात्रीला आणि घाईला.

कोयत्याचा_पोरगा
यादी करताना मुकादमाला दाखवू नका. आणि इथं खोपीवर यायचंच असेल तर कारखान्यात बिघाड होऊन तोड थांबते, त्या दिवशी या. रविवार-बिविवार आम्हाला नसतो.