मदत हवी आहे: व्हिटॅमिन डी ११, पाळी जायला आलेली, कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी) लगेच करावी का?

नमस्कार मंडळी. वय ४९, नाशिक, सिडको. पाळी दोन-दोन महिने येत नाही, आली की अंगावरून खूप जातं. हिमोग्लोबिन ९.२, डी ११. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या आणि आठवड्याला एक अशी ६०,००० युनिटची पुडी दिली आहे.

खरी धास्ती वेगळीच. थोरल्या भावाला ५४ व्या वर्षी मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला. माझंही पोट हल्ली धड नाही, कधी बद्धकोष्ठ, कधी सारखं जावं लागतं. घरचे म्हणतात, पाळीचाच त्रास, या वयात चालायचंच. जाऊबाईंनी व्हॉट्सॲपवर पाठवलंय की डी भरून निघालं की हा कॅन्सर होत नाही. मग पुड्या संपेपर्यंत थांबू का? आणि रोज सकाळी सहाला कृषीनगरच्या ट्रॅकवर जाते, तरी डी इतकं कमी कसं?

गोदाकाठ: ताई, सहाच्या कोवळ्या उन्हात डी तयार करणारे किरण जवळपास नसतातच. त्याला ११ ते २ चं ऊन लागतं, तेही उघड्या अंगावर. आपल्याकडे त्या वेळी स्कूटीवर सनकोट, स्कार्फ, हातमोजे! उन्हाळ्यात नाइलाजच म्हणा.

जाऊबाईंच्या निरोपात तथ्य अर्धंच. डी कमी असलेल्यांत हा कॅन्सर जास्त दिसतो, पण बैठी जीवनशैली आणि लठ्ठपणा असला की डीही कमीच असतं, म्हणून कमी डी हेच कारण असं म्हणता येत नाही. अमेरिकेत पाळी गेलेल्या ३६,२८२ बायकांवर 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह'ने चाचणी घेतली. निम्म्यांना रोज १००० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ४०० युनिट डी, बाकीच्यांना औषध नसलेली नुसती दिखाऊ गोळी. सरासरी सात वर्षांनी, २००६ मध्ये निकाल आला: आतड्याच्या कॅन्सरात फरक नाही, मुतखडे मात्र जरा वाढले. डोस कमी होता आणि हा कॅन्सर वाढायला दहा-वीस वर्षं लागतात, असे आक्षेप आहेत. पुड्या हाडांसाठी घ्याच, पण त्यांच्या भरवशावर तपासणी लांबवू नका.

सिस्टर_नाशिक: एंडोस्कोपी विभागात काम करते म्हणून सांगते. सख्ख्या भावंडाला साठीच्या आत हा आजार निघाला, तर बाकीच्यांनी चाळिशीत किंवा त्याच्या तेव्हाच्या वयाच्या दहा वर्षं आधी, यातलं जे आधी येईल तेव्हा कोलोनोस्कोपी करायची असते. तुमची वेळ होऊन गेलीय, शिवाय तक्रारी आहेत. रक्त पाळीतूनच कमी होतंय असं धरून बसू नका, आतड्यातूनही नकळत जातं. लोहाने शौच काळी होते आणि आतडं नीट दिसत नाही, म्हणून गोळ्या काही दिवस आधी थांबवायला सांगतात. किती दिवस, ते डॉक्टरांना विचारा.

धागाकर्ती: खूप आभार. पोटविकारतज्ज्ञांची वेळ घेते. भावाचे रिपोर्ट नेऊ का?

सिस्टर_नाशिक: नक्की न्या, विशेषतः बायोप्सीचा. लिंच सिंड्रोमची तपासणी झाली होती का, तेही दादांना विचारा. तो आनुवंशिक दोष असतो आणि त्यात आतड्याच्या कॅन्सरबरोबर गर्भाशयाच्या कॅन्सरचाही धोका वाढतो. म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञांनाही भावाचं सांगा आणि सोनोग्राफीबद्दल विचारा.