शब्दचर्चा: ‘कस्टम ड्रॉपडाउन’ म्हणजे नेमकं काय?

प्रश्न: क्लायंटच्या कागदात ‘इथे कस्टम ड्रॉपडाउन हवा’ एवढंच लिहिलेलं असतं. डिझायनर एक समजतो, फ्रंटएंडवाले दुसरंच बांधतात आणि टेस्टिंगवाले तिसरंच तपासतात. ड्रॉपडाउन, सिलेक्ट, कॉम्बोबॉक्स, मेनू हे शब्द एकमेकांच्या जागी चालतात का? आणि मराठीत ‘निवडसूची’ म्हणावं का?

उत्तर: नाही चालत. ‘ड्रॉपडाउन’ या शब्दातून फक्त दिसणं कळतं: दाबलं की खाली काहीतरी उघडतं. काय उघडतं आणि निवडल्यावर काय व्हायला हवं, याबद्दल तो काहीच सांगत नाही. गोंधळाचं मूळ तिथेच आहे.

‘सिलेक्ट’ हा एचटीएमएलचा स्वतःचा टॅग आहे, १९९५च्या एचटीएमएल २.० मध्येही तो होता. ठरलेल्या यादीतून निवडायचं आणि ती व्हॅल्यू फॉर्मबरोबर सर्व्हरला जाते. ‘कॉम्बोबॉक्स’ म्हणजे लिहायची चौकट आणि यादी यांची जोडी, म्हणून ‘कॉम्बो’. ‘मेनू’त काही निवडून ठेवायचं नसतं, तिथे कामं असतात: कॉपी करा, काढून टाका, लॉगआउट. जिल्हा निवडायच्या यादीला कोडमध्ये मेनूचा रोल (हा घटक काय आहे हे सांगणारी खूण) दिला, तर स्क्रीन रीडर (पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) वापरणाऱ्याला ती आज्ञांची यादी वाटते आणि आत्ता कोणता जिल्हा निवडलेला आहे हे त्याला नीट कळत नाही.

एक अडचण मात्र आहे. असे रोल ठरवून देणाऱ्या एरिया या वेब-मानकाच्या १.२ आवृत्तीत टाइप न करता येणाऱ्या सिलेक्टलाही कॉम्बोबॉक्सचाच रोल मिळतो आणि एनव्हीडीए हा स्क्रीन रीडरसुद्धा साध्या सिलेक्टवर ‘कॉम्बो बॉक्स’ असंच बोलतो. म्हणून कागदात नुसतं ‘कॉम्बोबॉक्स’ लिहू नका. ‘टाइप करून शोधता येईल’ किंवा ‘फक्त यादीतून निवडायचं’ असं सरळ लिहा.

आता ‘कस्टम’. बहुतेक वेळा याचा अर्थ असतो डिव्ह (एचटीएमएलचा साधा, स्वतःचं काही काम नसलेला डबा) आणि जावास्क्रिप्टने स्वतः उभा केलेला सिलेक्ट. हा शब्द लिहिणाऱ्याच्या मनात रंग, गोल कोपरे आणि पर्यायाशेजारचं चित्र एवढंच असतं. बांधणाऱ्याला मात्र साध्या सिलेक्टमध्ये आयतं मिळणारं सगळं पुन्हा लिहावं लागतं: टॅबने त्यावर येणं, बाणांनी खालीवर जाणं, एस्केपने बंद होणं, पहिलं अक्षर दाबताच त्या पर्यायावर उडी मारणं, ‘रिक्वायर्ड’ची (भरलंच पाहिजे याची) तपासणी, मोबाइलवर फोनचा स्वतःचा निवडपट्टा उघडणं. शिवाय पॉपअपच्या चौकटीत ओव्हरफ्लो (चौकटीबाहेर जाणारा भाग) लपवलेला असेल तर यादी खालून कापली जाते. (पॉपओव्हर एपीआय ही ब्राउझरचीच सोय वापरली तर यादी सगळ्यांच्या वरच्या थरात जाते आणि हा त्रास संपतो.) फक्त रूपच बदलायचं असेल तर क्रोम १३५पासून, म्हणजे एप्रिल २०२५पासून, खुद्द सिलेक्टलाच सीएसएसमधून ‘बेस-सिलेक्ट’ हे रूप देता येतं. ज्या ब्राउझरला ते कळत नाही तिथे नेहमीचा सिलेक्ट दिसतो, काही मोडत नाही. माझं ठाम मत: आधी हा रस्ता बघा आणि मगच डिव्हला हात घाला.

जाता जाता ‘विजेट’बद्दल, म्हणजे पडद्यावरच्या अशा घटकांच्या सामाईक नावाबद्दल. एमआयटीच्या प्रोजेक्ट अथेनामध्ये असे घटक बांधायचं एक्स टूलकिट घडलं, तेव्हा हा शब्द मुद्दाम निवडला गेला, कारण बाकीच्या प्रचलित शब्दांना आधीच नको ते अर्थ चिकटलेले होते. आपल्या ‘ड्रॉपडाउन’चं आज तेच झालंय.

टेस्टिंगमधून भर: मला याहून त्रास होतो तो ‘सिलेक्ट होत नाही’ या वाक्याचा. बग म्हणून एवढंच लिहून येतं. त्याचा अर्थ यादी उघडत नाही असा असू शकतो, बाणाने पुढचा पर्याय ठळक होत नाही असा असू शकतो, किंवा एंटर दाबूनही चौकटीत नाव येत नाही असाही. कधी चौकटीत नाव दिसतं, पण सर्व्हरला रिकामी व्हॅल्यू जाते, कारण लपवलेलं इनपुट भरायचं राहिलेलं असतं. आमच्याकडे आता ‘उघडणं’, ‘पर्यायावर येणं’, ‘निवडणं’ आणि ‘जतन होणं’ असे चार शब्द ठरलेत. ‘पर्यायावर येणं’ आणि ‘निवडणं’ कोडमध्येही वेगळंच आहे: पहिल्यासाठी एरिया-ॲक्टिव्हडिसेंडंट, दुसऱ्यासाठी एरिया-सिलेक्टेड. बग वाचला की कुठे बघायचं हे लगेच कळतं.

उत्तर, पुढे: हे चार शब्द मी उचलतोय. ‘निवडसूची’ शब्द चांगला आहे, पण तो आपल्या कागदापुरता ठेवा. फॉर्म भरणाऱ्याला विजेटचं नाव कळायची गरज नसते. त्याला ‘तालुका निवडा’ दिसलं की पुरे.

त्याऐवजी यादीतल्या नावांकडे लक्ष द्या, कारण टाइप करून शोधायची सोय मराठीत तिथेच फसते. माणूस ‘उस्मानाबाद’ टाइप करतो आणि यादीत ‘धाराशिव’ असतं. ‘कऱ्हाड’ टाइप करतो, यादीत ‘कराड’ असतं. प्रत्येक पर्यायाला जुनी आणि बोलीतली नावं जोडून ठेवा, दिसू देत एकच. आणि ‘ऱ्ह’ दोन प्रकारे टाइप होतो: ऱ, हलन्त आणि ह, किंवा साधा र, हलन्त, झेडडब्ल्यूजे (अक्षरं जोडणारं, न दिसणारं चिन्ह) आणि ह. पडद्यावर दोन्ही तंतोतंत सारखे दिसतात, पण स्ट्रिंग जुळत नाही आणि ‘काही सापडलं नाही’ असं येतं. मजकूर एका ठरलेल्या रूपात आणणारं जावास्क्रिप्टचं नॉर्मलाइझ हे फंक्शनही हा फरक मिटवत नाही. टाइप केलेला शब्द आणि यादीतलं नाव, दोन्हीकडे हे रूप आपणच बदलून घ्यायचं आणि मग जुळवायचं.