अँब्युलन्स थांबली नाही, म्हणून आतली डॉक्टर गुन्हेगार?

रातपाळी :

परवापासून एक पोस्ट फिरते आहे. निवळी घाटात दुचाकी घसरली, पोरगा रक्तबंबाळ होऊन कडेला पडला "आणि माणुसकी मेलेली अँब्युलन्स सायरन वाजवत समोरून निघून गेली. आतल्या डॉक्टर-ड्रायव्हरवर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा दाखल झालाच पाहिजे." खाली शिव्यांचा पाऊस.

त्या गाडीत मी होते.

आत कोण होतं ते सांगते. पहिलटकरीण, आठवा महिना, रक्तदाब चढलेला, ग्रामीण रुग्णालयातच एकदा झटका येऊन गेलेला. दोन्ही कुल्ल्यांत मॅग्नेशियम सल्फेटचे (झटके रोखणारं औषध) ५-५ ग्रॅम देऊन आम्ही निघालो होतो. बावनदी ओलांडली आणि तिला दुसरा झटका आला. मी तिला डाव्या कुशीवर धरून तोंडातला फेस सक्शनने ओढत होते, सासू माझी ओढणी धरून रडत होती, आणि पायलटने, म्हणजे आमच्या ड्रायव्हरने, मधल्या खिडकीतून विचारलं, "मॅडम, पुढे गाडी पडलीय. काय करू?" मी म्हटलं, थांबायचं नाही, कंट्रोल रूमला कळवा.

त्याने वेग कमी केला, काच खाली करून जमलेल्यांना ओरडून सांगितलं की जखम फडक्याने दाबून धरा, मान हलवू नका, दुसरी गाडी मागवतोय. फोनची नोंद आहे. ज्याने पोस्ट लिहिली तो तिथेच उभा होता, व्हिडिओ काढत. त्यात पायलटचा आवाज ऐकू येतो. पोस्टमध्ये तो भाग कापला आहे.

मुलगा वाचला, पाय मोडला आहे. बाई शुद्धीवर आहे, बाळ काचेच्या पेटीत आहे. रिकामी गाडी घेऊन मी पुढे गेले असते तर जी शिक्षा द्याल ती मान्य. पण एक डॉक्टर, एक स्ट्रेचर, एक सक्शन मशीन आणि दोन जीव, यात मी नेमकं काय करायला हवं होतं, ते शिव्या देणाऱ्यांनी सांगावं.

पांथस्थ :

ताई, तुमच्या पेशंटला बरं वाटो. पण मी सांगतो काय करायला हवं होतं. दोन मिनिटं थांबायला हवं होतं. ड्रायव्हर खाली उतरून पट्टी बांधू शकला असता.

माझा धाकटा भाऊ कराडजवळ हायवेवर ४० मिनिटं पडून होता. मांडीतून रक्त जात होतं. त्या वेळात एक अँब्युलन्स त्याच्या शेजारून गेली. वेग कमी केला नाही, काच खाली केली नाही. शेवटी उसाच्या ट्रॅक्टरवाल्याने त्याला ट्रॉलीत घातलं. दवाखान्याच्या दारात त्याचा जीव गेला. डॉक्टर म्हणाले, कुणीतरी नुसतं घट्ट दाबून धरलं असतं तरी वेळ मिळाला असता. आता मला कुणी प्रोटोकॉल सांगितला की डोक्यात तिडीक जाते.

कोर्टकचेरी :

पांथस्थ, तुमच्या दुःखाबद्दल काही बोलायची माझी पात्रता नाही. पण कलमाबद्दल बोलतो, कारण रोज तेच बघतो.

एखादी गोष्ट न करणं गुन्हा ठरतं, ते ती करणं कायद्याने बंधनकारक असेल तेव्हाच. डॉक्टरबाई आतल्या पेशंटशी आधीच बांधल्या गेल्या होत्या. त्या उतरल्या असत्या आणि गाडीत काही झालं असतं, तर निष्काळजीपणा सिद्ध करायला सरकारी वकिलाला फार कष्ट पडले नसते.

पोस्टखाली कुणीतरी परमानंद कटारा खटला फेकला आहे. १९८९ चा निकाल. स्कूटरस्वाराला मोटारीने उडवलं, जवळच्या दवाखान्याने 'मेडिकोलीगल (पोलिसांत नोंद लागणारी) केस आम्ही घेत नाही' म्हणून २० किलोमीटर लांबच्या दवाखान्यात जायला सांगितलं, माणूस वाटेत गेला. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, आधी जीव, मग पोलिसी सोपस्कार. डॉक्टर सरकारी असो वा खासगी. कागदापायी पेशंट नाकारणाऱ्यांसाठीचा तो निकाल आहे. हातात एक पेशंट असताना दुसरा दिसला तर काय, हा प्रश्न तिथे नव्हताच.

१९९६ चा पश्चिम बंग खेत मजदूर समितीचा निकाल कुणी वाचत नाही. रेल्वेतून पडून डोक्याला मार लागलेल्या मजुराला एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी परत पाठवलं. न्यायालयाने घटनेचं कलम २१, म्हणजे जगण्याचा हक्क, लावून सरकारला जबाबदार धरलं, २५,००० रुपये भरपाई दिली, आणि सामग्री व माणसं असलेल्या अँब्युलन्सची सोय करायला सांगितलं. पैसे नाहीत ही सबब चालणार नाही, असंही बजावलं. तुमच्या भावाचा दावा या निकालावर उभा राहतो, एका ड्रायव्हरच्या मानेवर नाही.

भूलतज्ज्ञ :

वकीलसाहेब, मोटार वाहन कायद्याचं कलम १३४ सोडलंत. अपघातातल्या जखमीला कोणत्याही सोपस्काराची वाट न बघता तातडीने उपचार देणं हे 'प्रत्येक' नोंदणीकृत डॉक्टरचं कर्तव्य आहे, असं त्यात लिहिलंय. 'हात रिकामे असतील तर' असं लिहिलेलं नाही. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेतही आणीबाणीत मदतीच्या हाकेला ओ द्यावी असं आहे. तेव्हा बंधनच नव्हतं हे म्हणणं टिकत नाही. दोन बंधनांची टक्कर होती, आणि बाईंनी बरोबर निवडलं, असं माझं मत.

पण खरा प्रश्न वेगळा आहे. ती आचारसंहिता एमबीबीएसवाल्यांना आहे. अँब्युलन्सवर बसवलेत बहुतेक बीएएमएस, आयुर्वेदाच्या पदवीचे. गर्भिणीला एकापाठोपाठ झटके येताहेत, श्वास थांबला तर घशात नळी घालणार कोण? २३ वर्षं भूल देतोय. नळी चुकून अन्ननलिकेत गेलेले पेशंट पाहिलेत. स्वस्तात मिळतात म्हणून बसवलेली माणसं आहेत ही.

वैद्यबुवा :

आलं! कुठलाही विषय असो, तुमची गाडी बीएएमएसवर येणारच.

डॉक्टर, तुमचे एमबीबीएस कुठे आहेत? एक वर्ष ग्रामीण सेवा करायची नाही म्हणून १० लाखांचा बाँड भरून मोकळे होतात. मी ११ वर्षं नंदुरबार जिल्ह्यात पाड्यांवर काढली. सर्पदंश, अडलेली बाळंतपणं, कुऱ्हाडीचे घाव. त्या रस्त्यांवर एकही भूलतज्ज्ञ मला भेटला नाही. राज्य सरकारच्या १९९२ च्या अधिसूचनेने आम्हाला आमच्या शिक्षणापुरती आधुनिक औषधं वापरायची परवानगी आहे. चोरून काही करत नाही.

भूलतज्ज्ञ :

'शिक्षणापुरती' हा शब्द तुम्हीच लिहिलात. नळी घालायचं शिक्षण किती दिवस झालं? २०१४ मध्ये वर्षभराचा कोर्स केलेल्या होमिओपॅथांनाही आधुनिक औषधांची वाट मोकळी केली. पेशंटला हे कुणी सांगतं का? संमती कुणाची घेतलीत?

वैद्यबुवा :

झटके येणाऱ्या बाईला संमतीपत्र वाचून दाखवू? तुमचा राग पेशंटसाठी नाही, पाटीवरच्या 'डॉ.' या अक्षरासाठी आहे.

मेलबर्नकर :

आमच्याकडे ऑस्ट्रेलियात अँब्युलन्सवर डॉक्टर सहसा नसतोच. पॅरामेडिक असतात, त्याच कामाची पदवी घेतलेले, आणि १ डिसेंबर २०१८ पासून देशभर त्यांची नोंदणी सक्तीची आहे. चुकले तर नोंदणी मंडळ जाब विचारतं. एमबीबीएस की बीएएमएस हा वादच उरत नाही.

वैद्यबुवा :

तिथल्या गोष्टी तिथे. इथे रस्त्याला रस्ता नाही.

भूलतज्ज्ञ :

नाही, मेलबर्नकरांचं मला पटतं. २०२१ च्या आपल्या अलाइड हेल्थकेअर कायद्यात इमर्जन्सी मेडिकल टेक्नॉलॉजिस्टचा, म्हणजे पॅरामेडिकचाच, उल्लेख आहे. त्यांना शिकवा, त्यांची नोंदणी करा, गाडीवर घ्या. मी शिकवायला येतो, फुकट.

रातपाळी :

मी बीएएमएस आहे. आधीच सांगायला हवं होतं, पण सांगितलं की पुढचं कुणी वाचत नाही, हा अनुभव आहे.

भूलतज्ज्ञ सर, नळी मी घातली नाही. मास्क आणि बॅगने श्वास देण्याची तयारी ठेवली होती, ते शिकले आहे आणि ते जमतं. जे येत नाही ते करायचं नाही, हेही शिकले आहे. तुम्ही शिकवायला येणार असाल तर माझं नाव पहिलं लिहा. मनापासून सांगते आहे.

कोर्टकचेरी :

तुमच्या भांडणात एक गोष्ट दोघांच्याही नजरेतून सुटली. १ जुलै २०२४ पासून जुन्या दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू आहे. कलम १०६ मध्ये निष्काळजीपणाने मृत्यू झाल्यास ५ वर्षांपर्यंत कैद. उपचार करताना नोंदणीकृत डॉक्टरकडून झाला तर २ वर्षांपर्यंत. पण तिथल्या स्पष्टीकरणात नोंदणीकृत डॉक्टर म्हणजे राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या कायद्याखाली पदवी आणि नोंद असलेला.

म्हणजे त्याच गाडीत, त्याच पेशंटवर, तीच चूक एमबीबीएसकडून झाली तर कमाल २ वर्षं, आणि रातपाळी यांच्याकडून झाली तर ५. नर्स, टेक्निशियन, सगळे ५ मध्ये. सरकारने ज्यांना गाडीवर बसवलं, त्यांनाच कायद्याच्या सवलतीतून बाहेर ठेवलं.

वैद्यबुवा :

हे माहीत नव्हतं. हात थंड पडले वाचून.

भूलतज्ज्ञ :

मलाही नव्हतं. आणि हे चुकीचं आहे. मी बीएएमएसच्या विरोधात लिहितो म्हणून यालाही विरोध करणार नाही असं कुणी समजू नये. जबाबदारी सारखी टाकता तर कायदाही सारखा ठेवा.

पायलट :

मी बी अँब्युलन्सवर हाय, नऊ वर्षं. सगळे डाक्टरचं बोलतात म्हून लिवतो.

ड्रायव्हर खाली उतरून पट्टी बांधंल, असं पांथस्थ दादा म्हनले. दादा, घाटात गाडी उभी केली तर मागून ट्रक येतोय. आत झटके येनारी बाई. आनि एकदा का मी खाली उतरलो की लोक मला सोडत न्हाईत. माझ्यासंगट झालंय. पेशंट भरलेली गाडी, थांबलो, तर जमावानं मागचं दार उघडून दुसरा जखमी आत कोंबला. आतला म्हातारा हार्टचा होता. काच फोडली, मला दोन ठेवून दिल्या. २०१० चा कायदा हाय म्हनं, दवाखान्यातल्या मानसाला मारलं तर गुन्हा. पोलीस म्हनाले, जाऊ दे, लोक भावनेच्या भरात व्हते.

बारा-बारा तास गाडीवर, कंत्राटी नोकरी, पगार कवा येईल त्याचा नेम न्हाई. अँब्युलन्सला वाट न्हाई दिली तर १०,००० दंड हाय कायद्यात. नऊ वर्षांत एकालाबी झालेला बघितला न्हाई.

सुमनताई :

पायलटभाऊंचं खरं आहे, पण बघ्यांनाही एकच रंग लावू नका. आमच्या यजमानांनी २०१२ साली एका जखमीला रिक्षात घालून नेलं, तर पोलिसांनी त्यांनाच रात्रभर बसवून ठेवलं. तेव्हापासून ते हात लावायला घाबरतात. आता नियम बदललेत. २०१६ चा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आहे, मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३४-अ आलं, मदत करणाऱ्याला नाव सांगायचीसुद्धा सक्ती नाही. पण गावातल्या चौकीवर हे कुणी लावून ठेवलंय? भीती अजून जुनीच आहे.

पांथस्थ :

सगळं वाचलं. दोनदा वाचलं.

पायलटभाऊ, तुम्हाला मारलं ते वाईट केलं. आतला म्हातारा कुणाचा तरी बाप होता, हे मला त्या जागी सुचलं नसतं, हेही कबूल करतो.

आत पेशंट असेल तर थांबू नका, मान्य. जड जातंय, पण मान्य. मात्र काच खाली करून चार शब्द बोलायचे, कंट्रोलला कळवायचं, हे डॉक्टरताईंनी केलं ते सगळ्यांनी करायलाच हवं. त्याला मी माणुसकी म्हणणार नाही, ते कर्तव्यच धरा. आणि गाडीत पेशंट आहे की नाही हे बाहेरून कळावं असा एखादा दिवा तरी लावा. आम्हाला फक्त सायरन ऐकू येतो.

कोर्टकचेरी :

दिव्याची मागणी योग्य आहे. एक आकडाही सोबत जोडा. २०१४ मध्ये १०८ सेवा सुरू झाली तेव्हा राज्याला ९३७ गाड्या मिळाल्या, त्यातल्या २३३ अतिदक्षतेच्या. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ११ कोटी २४ लाख. जवळजवळ १ लाख २० हजार माणसांमागे एक गाडी. तुमच्या भावाजवळून गेलेली गाडी भरलेली असण्याची शक्यता यातच आहे.

पांथस्थ :

शक्यता नको. ती भरलेली होती की रिकामी, हे मला कळायला हवं. आई अजून विचारते. कुठे कळेल?

रातपाळी :

ती सरकारी सेवेची गाडी असेल तर कळू शकेल. प्रत्येक फेरीची ट्रिपशीट असते: निघाल्याची वेळ, किलोमीटर, पेशंट होता की नव्हता. जिल्हा शल्यचिकित्सक कार्यालयात माहितीच्या अधिकाराखाली अर्ज टाका. तारीख, अंदाजे वेळ, रस्त्याची बाजू, कुठल्या गावाजवळ, एवढं लिहा. आतल्या पेशंटचं नाव मागू नका, ते देणार नाहीत आणि देऊही नये. फक्त 'त्या वेळेत त्या रस्त्यावरून गेलेली गाडी पेशंटसह होती का' एवढंच विचारा.

अर्ज लिहिताना अडलं तर मला निरोप करा. आज रात्री ड्यूटी आहे, उद्या सकाळी आठनंतर मोकळी आहे.

पांथस्थ :

वेळ लक्षात आहे. पावणेसात. मळीचा वास येत होता, कारखान्याच्या अलीकडे, साताऱ्याकडे जाणारी बाजू. उद्या आठनंतर निरोप करतो.