'माय डिअरेस्ट' बघताना तुमच्या घरात कोण रडलं? अनुभव सांगा

माडाखालची
काल रात्रीपासून डोक्यातून जात नाहीये म्हणून धागा काढतेय. मी आणि आई सध्या 'माय डिअरेस्ट' बघतोय, तीच कोरियन सिरियल, १६३६ ला चीनकडचं चिंग सैन्य जोसॉनमध्ये म्हणजे तेव्हाच्या कोरियात घुसतं ती. आईला इंग्रजी येत नाही त्यामुळे सबटायटल मी मोठ्याने मालवणीत सांगत जाते आणि ती खाली पेपर पसरून कोकमासाठी रातांबे फोडत ऐकते. हिरोला ती टोपीवालो म्हणते.

काल तो शेनयांगच्या, म्हणजे चिंगांच्या शहरातल्या, बाजाराचा भाग होता. धरून नेलेल्या बायका विकायला उभ्या केल्यात, त्यात हिरॉइन गिलचे, आणि हिरोला, जांगह्यनला, ती दिसते. माझा आवाजच बसला, वाचायचं थांबले. आई खाली मान घालूनच म्हणाली, "वाच गे. गप कित्याक रवलंस? मास्तर पण असोच गप रवलेलो."

मग सगळं निघालं. १९७१ चा डिसेंबर, पाकिस्तानशी युद्ध, बाबा नेव्हीत, आई नवी नवरी देवगडकडे सासरी. ब्लॅकआऊट, कंदिलाच्या काचेला काळा कागद. नेव्हीची खुकरी बोट दीवजवळ बुडाल्याची बातमी गावात आलेली. बाबा दुसऱ्या बोटीवर होते पण कुठे ते कोणालाच माहीत नाही. त्यातच तार आली. इंग्रजीतली. घरात वाचणारं कोणी नाही, सासरे मुंबईला, म्हणून आई ती तार पदराच्या गाठीत बांधून भर उन्हात दोन वाड्या चालत मास्तरांकडे गेली. मास्तरांनी चष्मा लावला, वाचली आणि बोलेचनात. आई म्हणते तेवढ्या वेळात मी कुंकू पुसायचं पण ठरवलं होतं.

हे मला इतक्या वर्षांत पहिल्यांदा कळलं. हाताला रातांब्याचा लाल रस कोपरापर्यंत आलेला, तो तसाच. तुमच्याकडे असं काही झालंय का?

गुहागरची सून
अगं काय लिहिलंयस. मी ही सिरियल २०२३ ला लागत होती तेव्हाच बघितली, दहा भाग झाले आणि मधे महिनाभराच्या वर थांबवली होती त्यांनी, जीव नुसता टांगणीला. आणि नंतरचे भाग संपले त्याच सुमारास तांबड्या समुद्रात बोटींवर हल्ले सुरू झाले, माझा नवरा मर्चंट नेव्हीत, त्याची बोट तिकडूनच जायची होती. व्हॉट्सअ‍ॅपला एकच टिक, ती पण दोन दिवस. सासूबाई म्हणायच्या समुद्रात रेंज नसते, झोप. मी रात्री दोनला उठून परत पहिल्यापासून सिरियल लावली, का ते विचारू नका, बहुतेक तिथे शेवटी भेटतात हे माहीत होतं म्हणून. बाकी नंतर लिहिते, पोराची बस आली

आठळी
कोरियाचं युद्ध १९५० चं ना??

गडकिल्ले_६६
ते वेगळं. हे १६३६-३७ चं. राजा इंजो नामहान किल्ल्यात जाऊन बसला, दीड महिना वेढा, थंडी, दाणागोटा संपला, शेवटी खाली उतरून चिंग बादशहापुढे तीन वेळा गुडघे टेकून नऊ वेळा डोकं टेकवावं लागलं. युवराज ओलीस म्हणून शेनयांगला. आणि मजा बघा, त्याच १६३६ साली इकडे आपल्या माहुली किल्ल्यावर शहाजीराजे वेढ्यात होते, किल्ला द्यावा लागला आणि निजामशाही संपली. शिवबा सहा वर्षांचे. मी हे बायकोला सांगायला गेलो तर म्हणाली आता रडू दे मला

आठळी
वहिनींना नमस्कार सांगा 😂

कोकमकढी
मला प्रेमापेक्षा गिलचे परत आल्यानंतरचा भाग जास्त झोंबला. बाई हालअपेष्टा काढून जिवंत घरी येते आणि नवऱ्याने तोपर्यंत दुसरी आणलेली. वर लोक हिच्याकडेच बघतात. हे काही सिरियलवाल्यांनी घातलेलं नाही, खरंच परत आलेल्या बायकांपासून सोडचिठ्ठी द्या म्हणून मोठी मोठी घराणी राजाकडे गेली होती. राजाने नाही म्हटलं तरी कितीकांनी दुसऱ्या केल्याच. माझी एक आत्या नवऱ्याने टाकलेली, माहेरी राहिली आयुष्यभर. युद्धबिद्ध काही नाही, नुसतीच. हळदीकुंकवाला तिला बोलवायचे नाहीत आणि वर फणसाची भाजी करायला तीच लागायची सगळ्यांना. जांगह्यन गिलचेला काही न विचारता जवळ घेतो ना, तिथे मला आत्या आठवली. तिला कोणी असं घेतलं असतं तर.

सड्यावरचा
मी मिसेस बघते म्हणून बघतो. लढाया कमी आहेत. पण तिकडे पकडून नेलेल्या लोकांना शेती करायला लावतात आणि भात उभा राहतो तेव्हा घशात आलं, खोटं कशाला सांगू. शेतकऱ्याचा मुलगा आहे.

निजामपूर नाका
आमच्या माणगावात नाईक यशवंत घाडगे यांचं स्मारक आहे, इटलीत १० जुलै १९४४ ला गेले, मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस. आमचे पणजोबा पण मराठा पलटणीत इटलीलाच होते, ते परत आले मात्र. पाच वर्षांनी आले ते संध्याकाळी, दाढी, अंगाने अर्धे, खाकी कोट. पणजीने ओळखलंच नाही. ओटीवर गूळपाणी ठेवलं आणि दाराआडून सांगितलं, घरात पुरुष माणूस नाही, उद्या या. पणजोबा बापडे पाणी प्यायले आणि पायरीवर बसून राहिले. मग कुत्रा गेला आणि पाय चाटायला लागला तेव्हा उजेड पडला. पणजी मरेपर्यंत म्हणायची कुत्र्याने नाक कापलं माझं. सिरियलमधे असा सीन घालायला पाहिजे, उगाच पाऊस पाडून मिठ्या मारतात

गुहागरची सून
कुत्रा!!! 😭😂 परत आले, भात लावलाय. नवरा आला सुखरूप, ते सांगायचं राहिलं. केप ऑफ गुड होपला वळसा घालून गेली बोट. आल्यावर पहिलं काय म्हणाला, तर मच्छी काय आणलीय.

राजिवडा
रत्नागिरीकरांनो, थिबाच्या राजवाड्यावर सिरियल काढा की कोणीतरी. १८८५ च्या लढाईत हरलेला ब्रह्मदेशचा राजा इथे कैदेत, १९१६ ला इथेच गेला, आणि थोरल्या राजकन्येचं मन बसलं ते इथल्याच पहारेकऱ्यावर. तिची मुलगी टूटू शेवटपर्यंत रत्नागिरीत, मराठी बोलायची. कोरियाला जायची गरज काय.

कोकमकढी
+१. पण आपले लोक काढतील तर त्यात सासू घालतील.

आठळी
माडाखालची, रातांबे घरचे का? सोलं देणार असाल तर किलोचा भाव सांगा, गेल्या वर्षी बाजारातून आणली त्यात नुसतं मीठ

सड्यावरचा
धागा कशावर चाललाय आणि ही बया सोलं मागतेय

निजामपूर नाका
मागू दे हो, मला पण दोन किलो. पण माडाखालची, तारेत काय होतं ते सांगितलंच नाहीत तुम्ही, सकाळपासून तीनदा येऊन बघून गेलो

माडाखालची
अरे देवा, खरंच राहिलं. लाईट नव्हती दिवसभर, आत्ता आली. सोलं घरची, भाव आईला विचारून सांगते.

तार बाबांची नव्हतीच. मुंबईहून मामाची, मुलगा झाला म्हणून. मास्तर गप का, तर त्यांना ती कोणाला आणि कोणाचा मुलगा हेच लागेना, तारेत एवढेच शब्द. हसले आणि हातावर गुळाचा खडा ठेवला. आईने तो खडा तिथेच त्यांच्या अंगणात फेकला आणि ढसाढसा रडली. बाबा शिमग्याला आले. बारशाला आई गेली नाही ती नाहीच.

तो दादा आता त्रेपन्न वर्षांचा आहे, दर मे महिन्यात पेट्या न्यायला येतो. आई त्याला तारवालो म्हणते, का ते काल कळलं. चला, आई हाक मारतेय, टोपीवालो खय पोचलो म्हणून.