लाभांश, मिळकत आणि 'होल्ड हार्मलेस'

होटगीरोड:
एका भाषांतरात गाडी अडलीय. अमेरिकेतल्या अलास्का राज्यात तेलाच्या पैशातून १९७६ साली कायमस्वरूपी निधी उभा राहिला. १९८२ पासून त्यातला 'डिव्हिडंड' (मी 'लाभांश' लिहिलाय) दरवर्षी पात्र रहिवाशांना वाटतात. २०२२ ला तो माणशी ३,२८४ डॉलर होता. या रकमेमुळे गरिबाची दुसरी सरकारी मदत तुटली, तर त्यावरच्या तरतुदीला 'होल्ड हार्मलेस' म्हणतात. मी 'हानिमुक्त' लिहिलं, तपासणाऱ्यानं 'निरुपद्रवी' केलं. दोन्ही वाचवत नाहीत.

अशोकचौक:
'तोशीस' आहे की ओ! 'मदतीला तोशीस लागणार नाही' लिहा. पण आधी 'लाभांश' खोडा. पतसंस्थेचा भाग, म्हणजे शेअर, घेतला तर लाभांश, सहकार कायद्यात त्याला १५ टक्क्यांची मर्यादा. अलास्कात भाग कुणी घेतला?

विडीघरकुल:
लाभाचा अंश तो लाभांश. भाग विकत घ्यायचा, ही अट शब्दात कुठाय? निधीच्या कमाईतूनच वाटप होतं, शब्द चपखल आहे. 'सानुग्रह अनुदान' मात्र नको, ते मर्जीवर असतं. हा पात्र असेल त्या प्रत्येकाला मिळतो.

शुद्धमराठी:
मूळ मजकुरातला 'डिव्हिडंड' तरी कशाला? मराठीत शब्द असताना परका घेऊ नये.

अशोकचौक:
'पेन्शन' घ्यायला आलेल्या म्हातारीला 'निवृत्तिवेतन' सांगून बघा.

सेतूकेंद्र:
'तोशीस'नं अर्थ बिघडेल. तिथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत. राज्याच्या योजना ही रक्कम धरतच नाहीत. केंद्राच्या योजनांना धरावी लागते, म्हणून तुटलेली मदत राज्य आपल्या पैशातून देतं, तीही जास्तीत जास्त चार महिने. पहिली 'वगळणूक', दुसरी 'भरपाई'. सरसकट 'माफ' लिहिलं तर वाचणारा पैसे निर्धास्त साठवेल आणि पाचव्या महिन्यात अडकेल.

कारण वृद्ध, अंध, अपंगांच्या केंद्रीय मदतीत आलेल्या महिन्यात ती रक्कम 'इन्कम', पुढच्या महिन्यात उरेल तेवढी 'रिसोर्स'. रिसोर्सची मर्यादा एकट्याला २,००० डॉलर, जोडप्याला ३,०००. म्हणजे २०२२ चा डिव्हिडंड न मोडता ठेवला, तर एकटा माणूस तेवढ्यानंच मर्यादेबाहेर.

विडीघरकुल:
आपल्याकडे तिसरीच तऱ्हा. 'लाडकी बहीण'चे महिना १,५००. शेतकरी सन्मान निधीचे केंद्राचे आणि राज्याचे मिळून वर्षाला १२,००० असतील, तर महिन्याचे १,००० वजा होऊन हातात ५००. ही ना वगळणूक ना भरपाई, याला 'फरक' म्हणतात. तोच सोपा शब्द.

सेतूकेंद्र:
फरक इथे बरोबर. तिथे लाभांश पूर्ण मिळतो, मदत तुटते, मग भरून येते. 'भरपाई'च हवं.

शुद्धमराठी:
'रिसोर्स'ला 'संसाधन' नका करू, 'मिळकत' करा.

होटगीरोड:
खेड्यात 'मिळकत' म्हणजे कमाई. मग इन्कम कुठला आणि रिसोर्स कुठला?

शुद्धमराठी:
महापालिकेचा मिळकतकर कमाईवर असतो का? घराजागेवर असतो. जमिनीच्या कागदांतही तोच अर्थ आहे.

सेतूकेंद्र:
तिथेच घोटाळा. त्या केंद्रीय मदतीत राहतं घर आणि एक गाडी धरतच नाहीत. 'मिळकत' वाचून माणूस पहिल्यांदा घराचा उतारा काढेल. 'जमापुंजी' बरा.

अशोकचौक:
दुसरी गाडी असली तर ती धरतात. गाडीला कोण पुंजी म्हणतं?