अकरावीच्या इंग्रजीतले टोन, ईथॉस, पॅथॉस घरी कसे समजावू?

फोंडेकरीण:
लेक अकरावीला. इंग्रजीच्या पेपरात कधी भाषण, कधी अग्रलेख असा उतारा येतो आणि विचारतात, टोन कुठला, ईथॉस कुठे, आयरनी आहे का. व्याख्या तोंडपाठ आहेत, पण उतारा समोर आला की गाडी अडते. क्लास नको. वाचायला काय देऊ?

डिचोलीचा मास्तर:
ताई, व्याख्यांची वही आधी मिटा. म्हादई नदीच्या पाणीतंट्यावर वर्तमानपत्रात येतात तसली पत्रं घ्या. 'जलसंपदा खात्यात हयात घालवलेला माणूस म्हणून सांगतो': लिहिणारा आपली पत पुढे करतोय, हा ईथॉस. 'म्हादई आमची आई': भावनेला हात घातलाय, हा पॅथॉस, शिवाय रूपकही. 'लवादाने २०१८ साली कर्नाटकाला १३.४२ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिलं': पुराव्याचा, तर्काचा आधार, हा लोगॉस. प्रत्येक वाक्याच्या कडेला तिने पेन्सिलीने एवढंच लिहायचं, हे वाक्य मला काय करायला लावतंय?

टोन आणि मूडमध्ये मुलं हमखास घोळ घालतात. टोन लिहिणाऱ्याचा, मूड वाचणाऱ्याच्या मनातला. उपरोधाने लिहिलेलं वाचून आपल्याला चीड येते ना? तिथे टोन उपरोधिक, मूड संतापाचा.

तिठ्यावरचा:
मास्तर, आकडा दिसला की लोगॉस, असं पोरांना शिकवू नका हां. त्याच निवाड्यात गोव्याच्या वाट्याला २४ टीएमसी आलंय. ते गाळून नुसते १३.४२ छापले की आकडासुद्धा भीतीच घालतो. काय गाळलंय ते हुडकायला शिकवा. प्रश्नपत्रिकेत नेमकं तेच कोणी विचारत नाही म्हणा!

डिचोलीचा मास्तर:
हे बरोबर.

पाटोवाली:
जमलं तर पणजीला सेंट्रल लायब्ररीत न्या. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलाआधीचे 'गोमन्तक' आणि 'राष्ट्रमत' मागा. दोन्ही मराठी, पहिला गोवा महाराष्ट्रात विलीन करण्याच्या बाजूचा, दुसरा विरोधातला. 'राष्ट्रमत'मधलं उदय भेंब्रे यांचं 'ब्रह्मास्त्र' सदर बघाच, नावातच पवित्रा आहे. कौलातल्या निशाण्या फूल (विलीनीकरण) की दोन पानं (वेगळं राहणं), प्रश्न एकच. कोण समोरच्याचं म्हणणं आधी मांडून मग खोडतो आणि कोण त्याला बगल देतो, ते तिला शोधू दे. पेपरात याला काउंटरआर्ग्युमेंट म्हणतात, आपल्या शास्त्रीबुवांचा पूर्वपक्ष तोच.

फोंडेकरीण:
पण हे सगळं मराठी, पेपर इंग्रजीचा.

डिचोलीचा मास्तर:
म्हणून काय झालं? टिळकांनी १८९७ साली 'केसरी'त विचारलं, 'सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?' उत्तर हवं होतं म्हणून नव्हे. रेटॉरिकल क्वेश्चन तो हाच. आता तिला त्याचं साधं विधान करायला सांगा: सरकारचे डोके ठिकाणावर नाही. नुसती तक्रार उरली. प्रश्न असतो तेव्हा उत्तर वाचणाराच मनात देतो, आणि स्वतः दिलेलं उत्तर माणूस सहसा खोडत नाही. इंग्रजी उताऱ्यातही असंच उलटंसुलटं करून बघायचं आणि उत्तरपत्रिकेत अलंकाराच्या नावापुढे हा परिणाम एका ओळीत लिहायचा.